आधी सोबतीण, मग रॉड

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर स्टीलहेडला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात. हजार हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही, पण फारसा खोटाही नाही. मांडीभर गार पाण्यात उभं राहायचं, बारा-तेरा फुटी रॉडने दोर तिरका पलीकडे फेकायचा, पिसांची फ्लाय प्रवाहाबरोबर काठाकडे वळू द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायचं. संध्याकाळपर्यंत दोराला एकही हिसका बसला नाही तरी मुरलेली माणसं दिवस वाया गेला म्हणत नाहीत. पण इतकं मुरायला दोन-तीन हंगाम जातात, आणि सोडणारी बाई सोडते ती याच काळात.

फेक जमत नाही एवढ्यासाठी सोडणाऱ्या थोड्या. एकटीने नदीवर जायला धास्ती वाटते. अंगाला बसतील असे वेडर, म्हणजे पाण्यात घालायच्या जलरोधक विजारी, मिळत नाहीत. दुकानात तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारी उभ्या नवऱ्याकडे बघून दिलं जातं. दिवसभर वेडर चढवून लघवीला जायचं कुठे आणि कसं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. यातल्या एकाही अडचणीवरचा उपाय महागड्या रॉडमध्ये नाही. तो आधी या वाटेने गेलेल्या बाईकडे असतो. म्हणून स्टीलहेडच्या मागे लागू पाहणाऱ्या बाईने सोबतीण आधी शोधावी, सामान नंतर घ्यावं.

माशाची ओळख मात्र त्याही आधी हवी. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट एकाच जातीचे. शास्त्रीय नाव ओन्कोरिंकस मायकिस. जे जन्मभर नदीतच राहतात ते रेनबो. जे साधारण एक ते तीन वर्षांचे झाल्यावर समुद्रात उतरतात, तिथे वाढतात आणि प्रजननासाठी जन्मनदीत परततात ते स्टीलहेड. नर्मदेत चढणारा पाला ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही ये-जा वेगळी समजावून सांगायला नको. पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात. स्टीलहेड मात्र तगला तर समुद्रात परत जातो आणि पुन्हा नदी चढू शकतो. अशी दुसरी खेप करणाऱ्यांत माद्या जास्त असतात.

उन्हाळी स्टीलहेड साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये नदीत शिरतो आणि पुढच्या वसंतापर्यंत गोड्या पाण्यात थांबतो. हिवाळी स्टीलहेड नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, प्रजननाला जवळजवळ तयार होऊनच येतो. दोघेही नदीत आल्यावर फारसं खात नाहीत. मग भूक नसलेला मासा फ्लाय तोंडात का घेतो? राग, कुतूहल, लहानपणची सवय अशी उत्तरं जुनेजाणते देतात आणि त्यावर रात्र रात्र भांडतात. नवख्या बाईने एवढंच लक्षात ठेवावं की उन्हाळ्यात, पाणी दहा ते पंधरा अंश सेल्सिअस असताना, मासा फ्लायसाठी वर येतो. हिवाळ्यात चार-पाच अंशांच्या पाण्यात तो जागचा हलायला तयार नसतो. फ्लाय खोल आणि हळू त्याच्यापुढूनच न्यावी लागते. पहिला हंगाम म्हणूनच उन्हाळ्याचा शेवट किंवा शरद असावा. ऑरेगनची डेशूट्स, वॉशिंग्टन-ऑरेगन सीमेजवळची ग्रँड रॉन्ड, आयडाहोची क्लिअरवॉटर या नद्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. जानेवारीच्या पावसात वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर पहिला धडा घ्यायला निघणारीच्या हौसेला दाद द्यावी आणि तिला सप्टेंबरपर्यंत थांबवावं.

हा पुरुषांचा खेळ आहे आणि बायका आत्ता कुठे शिरू लागल्या आहेत, ही समजूत इतिहासाला धरून नाही. फ्लायची नावं आणि त्यांच्या हकिकती एकत्र करणारा गाजलेला ग्रंथ मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी १८९२ मध्ये काढला. मेन राज्याने १८९७ मध्ये गाईडना परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना मिळाला. स्कॉटलंडमध्ये डेव्हरन नदीवर १९२४ साली मिसेस मॉरिसन यांनी फ्लायवर ६१ पौंडांचा सॅमन काढला. जोन वुल्फ १९५१ मध्ये लांब फेकीच्या स्पर्धेत उतरल्या तेव्हा बाकीचे सगळे स्पर्धक पुरुष होते, जिंकल्या त्या. १९६० मध्ये त्यांनी दोर १६१ फूट फेकला.

अशा एकेकट्या कर्तबगार बायका प्रत्येक पिढीत होत्या. कमतरता होती ती संगतीची. ती ओळखून न्यूयॉर्कच्या काही जणींनी १९३२ मध्ये ‘वुमन फ्लायफिशर्स क्लब’ काढला. आज वायव्य किनाऱ्यावर शोधणारीला संगत मिळते. सिएटल परिसरात ‘नॉर्थवेस्ट विमेन फ्लायफिशर्स’ हा क्लब आहे. ‘युनायटेड विमेन ऑन द फ्लाय’ ही स्पोकेनच्या बाजूला सुरू झालेली मंडळी गावोगावच्या गटांना जोडून देते. ब्रिटिश कोलंबियात गाईड म्हणून नाव मिळवलेल्या एप्रिल व्होकी, ऑरेगनमध्ये डेशूट्सवर गाईडिंग करणाऱ्या मिया शेपर्ड यांच्यासारख्या बायकांमुळे दोन हातांचा रॉड बाईच्या हातात दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पोर्टलंडजवळच्या सँडी नदीवर ऑक्सबो पार्कात मे महिन्यात स्पे कास्टिंगचा, म्हणजे दोन हातांच्या रॉडने फेकण्याचा, मेळावा भरत आलेला आहे. तिथे वेगवेगळे रॉड आणि लाइन, म्हणजे दोर, हातात घेऊन बघता येतात, शिकवणारी माणसं भेटतात. हजारो रुपयांची नव्हे, हजार-हजार डॉलरची चूक असा एक दिवस वाचवतो.

स्तनांच्या कर्करोगातून जाणाऱ्या बायकांसाठी ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था १९९६ पासून विनामूल्य निवासी शिबिरं घेते. सुरुवात व्हरमाँटमध्ये झाली. एक शल्यविशारद आणि एक व्यावसायिक मासेमार, दोघी बायकाच, यांनी ती केली. शस्त्रक्रियेनंतर आखडलेल्या खांद्याला आणि दंडाला फ्लाय फेकण्याची हालचाल हलका व्यायाम देते, हा त्यामागचा वैद्यकीय विचार. शिबिराला येणाऱ्या अनेकींनी त्याआधी कधी रॉड धरलेला नसतो. शिबिर ट्राउटच्या शांत पाण्यावर होतं, स्टीलहेडच्या नाही. पण शिकवण्याची तिथली रीत कुठल्याही गटाने उचलावी अशी आहे. आधी माणूस, मग गाठ, मग फेक आणि मासा शेवटी.

गट मोठा नको. नदीच्या एका रनमध्ये, म्हणजे खळाळ संपून डोह सुरू होईपर्यंत माणसाच्या चालीने वाहणाऱ्या टापूत, तिघी-चौघींना नीट मासेमारी करता येते. आठ जणी झाल्या की सहल होते. सहलीला हरकत नाही, पण मग ती सहल म्हणूनच ठरवावी. काही गोष्टी पहिल्याच भेटीत बोलून घ्याव्यात. पहाटे साडेचारला निघायचं म्हणजे साडेचारलाच का? गाडी कोणाची, पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे? कोणाला पोहता येत नाही? मुलं असलेल्या मैत्रिणीसाठी अर्धा दिवस कोण काठावर थांबेल? आणि सगळ्यात नाजूक मुद्दा जागांचा. एखादीने वर्षं घालवून शोधलेला रन गटातल्या मैत्रिणीला दाखवला, तर तो फोटोतल्या ओळखू येणाऱ्या खडकासकट इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. गट फुटतात ते माशांवरून कमी, यावरून जास्त.

आता सामान. पहिल्या हंगामात शक्यतो उसनं घ्यावं. विकतच घ्यायचं तर दोन हातांचा, बारा ते तेरा फुटांचा, ७ नंबर लाइनचा रॉड सगळीकडे चालतो. लहान चणीच्या बाईने अकरा-साडेअकरा फुटांचा, ६ किंवा ७ नंबरचा हलका रॉड जरूर हातात घेऊन पाहावा. दिवसाच्या शेवटी खांदा कोणता रॉड बरा ते सांगतो. वरच्या हाताच्या कॉर्क मुठीची जाडीही पाहावी. लाइनच्या नावांचं जंगल आहे, पण सुरुवातीला दोनच ओळखाव्यात. वॉशिंग्टनच्या स्कॅगिट नदीवर घडलेली आखूड, जड ‘स्कॅगिट’ लाइन; ती बुडणारं टोक आणि मोठी फ्लाय उचलते, हिवाळ्याची. दुसरी ‘स्कँडी’, लांबट आणि निमुळती, उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळ हलकी फ्लाय न्यायला. फ्लायचंही तसंच. हिवाळ्यात मोठी, पाण्यात पिसं फडफडणारी ‘इंट्रूडर’, उन्हाळ्यात ‘ग्रीन बट स्कंक’. एवढ्यावर एक हंगाम आरामात निघतो. डबीत साठ फ्लाय घेऊन फिरणारी बाई बहुधा दुकानदाराची मैत्रीण असते.

वेडरवर मात्र पैसा खर्च करावा. पायमोज्यासकट छातीपर्यंत येणारी ही जलरोधक विजार वर्षानुवर्षं पुरुषांच्याच मापाने शिवली जात होती. कमरेला ढगळ, नितंबांना घट्ट, मोजे दोन नंबर मोठे. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ढगळ वेडर प्रवाहाचा जोर जास्त अंगावर घेतो आणि सैल मोजा बुटात गोळा होऊन पाऊल अडखळतं. आता सिम्स, पॅटागोनिया, ऑर्व्हिस या कंपन्या बायकांच्या मापाचे वेडर काढतात, ‘मिस मेफ्लाय’ ही कंपनी तर बायकांसाठीच आहे. दुकानात आत जाड लोकरीचे थर घालून जावं, वेडर चढवून उकिडवं बसावं आणि गुडघा कमरेपर्यंत उचलून पाहावा. यातलं काही करताना कापड ताणलं, तर नदीत ते शिवणीत फाटणार.

आणि लघवी. खांद्याचे पट्टे समोरून सुटतात की पाठीमागून, जाकीट न काढता वेडर खाली करता येतो का, हे विकत घेण्याआधी पाहावं. काही वेडरना त्यासाठी झिप असते. आत अंगभर एकसंध कपडा नको, वर-खाली वेगळे थर असावेत. पाणी कमी प्यायचं हा उपाय बायका गुपचूप करतात आणि दुपारी डोकं दुखून बसतात, थंडीही लवकर बाधते. ड्रिफ्ट बोटीतून जायचं असेल तर निघण्याआधीच गाईडला सरळ सांगावं की दर दोन तासांनी बोट काठाला लागली पाहिजे. पाळीच्या दिवसांसाठी लागणारं सामान, वापरलेलं परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी आणि सॅनिटायझर असा जोड गटापैकी एकीच्या पाठपिशवीत कायम असावा. हे बोलायची लाज पहिल्या दिवशी गेली की पुढचे हंगाम सुखाचे जातात.

फेक ताकदीची नसते, हे वाक्य बायकांना धीर देण्यासाठी म्हटलं जातं असं वाटतं. खरं म्हणजे ते यंत्रशास्त्र आहे. स्पे कास्टमध्ये दोर मागे हवेत उलगडावा लागत नाही. त्यामुळे पाठीशी झाडी असली तरी चालतं. फ्लाय आणि दोराचं टोक क्षणभर पाण्याला चिकटून राहतं, त्याला अँकर म्हणतात. रॉडमागे दोराचा इंग्रजी ‘डी’सारखा फुगा तयार होतो. पाण्याने धरलेलं टोक आणि त्या फुग्याचं वजन रॉड वाकवतं, आणि वाकलेला रॉड दोर फेकतो. जोर वरच्या हाताने लावला की सगळं बिघडतं. वरचा हात टेकू, खालचा हात मूठ पोटाकडे ओढणारा. जिममध्ये वजनं उचलणारे पुरुष हे उशिरा शिकतात, कारण सुरुवातीला त्यांचं दांडगाईवर थोडंफार भागतं. बाईचं भागत नाही, म्हणून ती वेळेवर शिकते.

नवऱ्याकडून शिकावं का? संसार टिकवायचा असेल तर परक्याकडून शिकावं. पैसे देऊन घेतलेला दोन तासांचा धडा हंगामभराच्या कुरबुरीपेक्षा स्वस्त पडतो. त्यानंतर दोन मैत्रिणींनी एकमेकींच्या फेकीचे फोनवर व्हिडिओ घ्यावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट सुधारावी. चुकलेल्या प्रत्येक फेकीवर टिप्पणी करायची नाही. विचारलं तरच सांगायचं, हा नियम आधी ठरला तर फारच उत्तम.

फेकीचा एक नियम मात्र जिवाशी आहे. वारा प्रवाहाच्या दिशेने, वरून खाली वाहत असेल तर अँकर खालच्या बाजूला पडला पाहिजे. त्यासाठी डबल स्पे किंवा स्नेक रोल ही फेक वापरावी. वारा खालून वर येत असेल तर अँकर वरच्या बाजूला. तेव्हा फेक सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. उलटं केलं तर वारा फ्लाय स्वतःच्याच तोंडावर आणतो. टोपी आणि चष्मा म्हणूनच ढगाळ दिवशीही.

पाण्यात उतरताना कंबरपट्टा घट्ट, टेकायला काठी आणि बुटांच्या तळाला धातूचे खिळे. प्रवाहाला आडवं, एक कूस पाण्याकडे करून उभं राहावं. पाऊल सरकवत न्यावं आणि ते रुतल्याशिवाय दुसरं उचलू नये. अवघड पात्र ओलांडताना दोघींनी एकमेकींचा खांद्यापाशी पट्टा किंवा दंड धरावा. जड आणि उंच मैत्रीण प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहिली तर खालचीला पाण्याचा मार कमी बसतो. पडलंच तर उठायची घाई करायची नाही. पाठीवर होऊन पाय खालच्या दिशेला ठेवायचे आणि तिरकं काठाकडे वल्हवत जायचं. उभं राहायच्या धडपडीत पाय दगडात अडकणं हे बुडण्याचं मोठं कारण आहे. गाडीत कोरडे कपडे, टॉवेल आणि थर्मासमध्ये गरम चहा हवाच. कुठल्या नदीवर, कुठल्या जागी आणि किती वाजेपर्यंत, हे घरी कोणाला तरी लिहून ठेवावं, कारण नदीच्या दरीत फोनला रेंज नसते.

रनमध्ये पुढे-मागे कसं चालायचं, यात या छंदाची सगळी सभ्यता आहे. पहिली बाई रनच्या डोक्याशी सुरुवात करते. फेक साधारण पंचेचाळीस अंशांत खालच्या बाजूला तिरकी, गरज असेल तर दोर वरच्या बाजूला उचलून मांडायचा, मग फ्लाय काठापर्यंत वळत येईतो काहीही करायचं नाही. नंतर दोन पावलं खाली. ती तीस-चाळीस मीटर सरकली की दुसरीने वरून सुरुवात करायची. तळाशी पोचलेली काठावर चढून पुन्हा वर येते. आधीपासून मासेमारी करत असलेल्याच्या खालच्या बाजूला उतरणं हा इथला सर्वांत मोठा अपराध. वरून कोणी आलं तर ‘तुमच्या मागून उतरू का?’ असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. बायकांना यात आणखी एक अनुभव येतो. त्या रनमध्ये असतानाही कोणी तरी सरळ पुढे येऊन उभा राहतो. दोघी असतील तर एकीने हसत पण मोठ्याने सांगावं, ‘आम्ही खाली येतोय, मागून या.’ एकटीला हे सांगणं जड जातं, दोघींना फार सोपं.

नवख्या मैत्रिणीला रनमध्ये पहिलं पाठवावं. मासा थाऱ्यावर असेल तर तिची फ्लाय तो आधी पाहील. मागून येणाऱ्या जाणत्या बाईचं यात फारसं जात नाही. वेगळ्या रंगाची, लहान किंवा अधिक खोल जाणारी फ्लाय घेऊन तिला दुसरी संधी असतेच. एखादीला टोचणी जाणवली, मासा लागला नाही, तर तिने जागच्या जागी थांबून लहान फ्लाय बांधावी आणि तेवढ्याच लांबीचा दोर पुन्हा फेकावा. तरीही नाही आला तर मागच्या मैत्रिणीला ओरडून जागा सांगावी: ‘त्या काळ्या दगडाच्या खाली, दोन हात अलीकडे.’ एकट्या माणसाच्या हातून गेलेले मासे अशा जोडीला मिळतात.

मासा लागतो तो क्षण शिकवता येत नाही, पण तेव्हा काय करायचं नाही ते सांगता येतं. झटका मारायचा नाही. वीस-तीस सेंटिमीटर दोर बोटाखाली सैल ठेवावा. माशाने ओढला की सोडून द्यावा. रीळ फिरू लागलं आणि वजन जाणवलं की रॉड काठाच्या बाजूला आडवा न्यावा. ट्राउटवर हात बसलेल्यांचा हात इथे आपसूक वर जातो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निघून येते. ‘काही करू नकोस’ असं मागून ओरडायला मैत्रीण हवी ती यासाठीही.

मासा लागल्यावर बाकीच्यांनी आपापले दोर गुंडाळावेत. एकीने खालच्या बाजूला गुडघाभर संथ पाण्यात उभं राहावं. जाळी असेल तर रबराची, बिनगाठींची. नसेल तर शेपटीच्या मुळाशी मनगटासारखा भाग असतो तिथे पकडावं, दुसरा हात छातीखाली. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, दगडांवर ओढायचं नाही. आकड्याचा काटा आधीच पक्कडीने चपटा केलेला असावा, म्हणजे आकडा एका पिळाने सुटतो. फोटो हवा असेल तर मासा पाण्यातच ठेवून घ्यावा. फोटो काढणारी तयार झाली की मग मासा अर्धवट वर, आणि लगेच खाली. वॉशिंग्टनमध्ये सोडून द्यायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण काढणं नियमातच बसत नाही. मासा हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातला, की रानटी, हे पाठीवर शेपटीजवळच्या छोट्या मांसल परावरून कळतं. हॅचरीत वाढवलेल्यांचा तो कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा परत नदीत.

पाणी वीस अंश सेल्सिअसला पोचलं की थांबावं. तापलेल्या पाण्यात दमवलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. खिशात थर्मामीटर ठेवणं सोपं, त्याचं ऐकणं अवघड. सकाळी सहाला निघून दुपारी बाराला दोर गुंडाळायचा निर्णय एकटीने घेताना मन मागे ओढतं, गटात तो नियम म्हणून पाळला जातो. मार्च-एप्रिलमध्ये पात्रात आजूबाजूच्या शेवाळी दगडांपेक्षा स्वच्छ, फिकट असा वाळूगोट्यांचा पट्टा दिसला तर त्यावरून चालायचं नाही. मादीने शेपटीने उकरून तिथे अंडी घातलेली असतात.

सिएटलजवळ रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश इथे आणि पोर्टलंडच्या बाजूला हिल्सबरो, बीव्हर्टन इथे संगणक आणि चिप कंपन्यांमुळे मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. स्नोक्वाल्मी, स्कायकोमिश, सँडी, क्लॅकमस या स्टीलहेडच्या नद्या त्यांच्या घरांपासून गाडीने तासा-दीड तासाच्या आत. मासेमारीच्या परवान्याला नागरिकत्व नाही, वास्तव्य पाहिलं जातं. वॉशिंग्टनमध्ये ९० दिवस, ऑरेगनमध्ये सहा महिने राहिलेल्या बाईला स्थानिक दराने परवाना मिळतो. वॉशिंग्टनचं परवाना-वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑरेगनचं जानेवारीत. स्टीलहेडसाठी वॉशिंग्टनमध्ये वेगळं कॅच रेकॉर्ड कार्ड लागतं, ऑरेगनमध्ये वेगळा टॅग. नद्यांचे काही भाग आदिवासी राष्ट्रांच्या हद्दीत आहेत. खालच्या क्विनॉल्ट नदीवर तर त्यांचाच गाईड घ्यावा लागतो. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने करारबद्ध जमातींचा पकडण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा मान्य केला. त्यांच्या जाळ्यांवर काठावरून शेरे मारणाऱ्या टोळक्यात सामील होण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

नियमांचं पुस्तक एकदा वाचून चालत नाही. सिएटलजवळच्या प्यूजेट साउंडचा स्टीलहेड २००७ पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या संघीय यादीत आहे. स्कॅगिटवरची वसंतातली मासेमारी २०१० पासून बंद होती. लोकांनी बैठकांना हजेरी लावून, पत्रं लिहून ती २०१८ मध्ये पकडून-सोडण्यापुरती परत मिळवली. नॉर्थ अंपक्वा नदीचा सुमारे ३१ मैलांचा भाग १९५२ पासून फक्त फ्लायसाठी राखीव आहे, तरी २०२१ मध्ये मासे इतके कमी आले की ऑरेगनने तिथली मासेमारी हंगामाच्या मध्यात थांबवली. त्याच नदीच्या खोऱ्यातल्या स्टीमबोट ओढ्याभोवतीचं जंगल २०१९ च्या कायद्याने राखलं गेलं, आणि त्या क्षेत्राला नाव मिळालं ते फ्रँक आणि जीन मूर या दांपत्याचं. फ्रँक मोठे मासेमार, जीन रानफुलांच्या जाणकार. नाव दोघांचं लागलं हे योग्यच झालं.

निघायच्या आदल्या रात्री एकीने राज्याच्या मत्स्य विभागाचे तातडीचे नियम तपासावेत, दुसरीने नदीची पातळी. ही दोन कामं दर खेपेला आलटून पालटून करावीत, म्हणजे सगळ्यांनाच ती येतात. नियम ठरवणाऱ्या आयोगांच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात आणि बोलायला प्रत्येकीला काही मिनिटं मिळतात. तिघी-चौघींनी मुद्दे वाटून घ्यावेत: एकीने पाण्याच्या तापमानाचं टिपण वाचावं, एकीने बोटींच्या गर्दीबद्दल बोलावं, एकीने काठावर शौचालय आणि गाडीतळावर दिवा मागावा. शेवटची मागणी आजवर फार थोड्यांनी केलेली असेल, म्हणून ती लेखीही द्यावी.